शहा आयोगाचा अहवाल (पुनर्मुद्रण : इरा सेझियन, २०१०)

१२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें इंदिरा गांधींची निवड रद्द ठरविली. पाठोपाठ आणीबाणी आली. विरोधी पुढारी व पत्रकार तुरुंगांत गेले. त्याची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा १९७८ चा अहवाल दुर्मिळ झाला होता. तो पुन्हां छापून सेझियन यांनीं अभ्यासकांस उपकृत केलें आहे. 'मिसा'खालीं ३४,९८८ जण स्थानबद्ध झाल्याची नोंद त्यांत आहे. इंदिराबाईंनीं आयोगापुढें शपथ घेण्याचें नाकारिलें. त्या मौनानें आंकडे खोटे ठरत नाहींत. परंतु हुकुमांमागील हेतु मूळ कागदांवरूनच ताडले पाहिजेत, असें आमचें मत आहे. तरी स्थानबद्धतेचे हुकूम, भूमिगत पत्रकें व तुरुंगांतील पत्रें संग्राहकांनीं वाळवी लागण्यापूर्वींच मिळवावीं. छापील अहवालही दुर्मिळ होतो. सुट्या कागदांची काय कथा?