ज्येष्ठांचे पडणे व स्वयंव्यवस्थापित व्यायाम : एक चिकित्सा

वृद्धापकाळातील पडणे ही केवळ योगायोगाची बाब नसते. क्षीण झालेले स्नायुबल व ढासळलेला तोल ही त्यामागील प्रमुख कारणे होत. त्यांवर घरगुती व्यायाम उपयुक्त ठरतो, हे न्यूझीलंडमधील ओटॅगो कार्यक्रमाने १९९७ साली दाखवून दिले. ८० वर्षे व त्यावरील २३३ स्त्रियांच्या त्या अभ्यासात भौतिकोपचारतज्ज्ञ घरी जाऊन व्यायाम शिकवीत. ऑस्ट्रेलियातील ‘स्टँडिंगटॉल’ प्रयोगाने (२०२१) मार्गदर्शनाचे हे काम बहुतांशी टॅब्लेटकडे सोपविले. ७० वर्षे व त्यावरील ५०३ व्यक्तींच्या या प्रयोगात पहिल्या वर्षी दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन वर्षांच्या कालावधीत मात्र पडण्याचे प्रमाण १६, तर दुखापतीसह पडण्याचे २० टक्क्यांनी कमी दिसले.

यावरून यंत्राचा विजय जाहीर करणे घाईचे ठरेल. फळ दिसण्यास दोन वर्षे लागली आणि तेवढ्या काळात व्यायाम चालू ठेवणारे ६८ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. ‘स्वयंव्यवस्थापन’ या संज्ञेची मर्यादा येथेच स्पष्ट होते. टॅब्लेट व्यायामाची पायरी ठरवू शकतो. परंतु थांबलेल्या ज्येष्ठाची विचारपूस माणसानेच करावयाची असते. ती जबाबदारी ज्येष्ठावरच टाकून खर्चात बचत साधणे म्हणजे उपचार नव्हे.