‘ली’ नावाचे शेपूट

दिवाळी अंकात व्याकरणावरचा लेख दिसला की निम्मे वाचक पान उलटतात आणि उरलेले चकलीकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. कारण व्याकरणाच्या एका चुकीने मी एकदा एका मुलाच्या तोंडचा घास काढला. ते कोठेतरी कबूल केल्याशिवाय मनाला स्वस्थता नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नाशकात मुलांना मराठी शिकवतो, अडल्यानडल्याला इंग्रजीचाही तास घेतो, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. असा माणूस वस्तीत असला की अर्ज, विनंत्या आणि शिफारशी त्याच्याच दारी येतात. पंधराएक वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी आला. बाप भाजीची हातगाडी लावी. पोरगा पहाटे मार्केटातून माल आणून मग शाळेत येई. दहावी झाल्यावर सातपूरच्या एका कारखान्यात त्याला उमेदवारीची जागा दिसली, आणि गुरुजींचे पत्र हवे होते. मी मोठ्या ऐटीत इंग्रजीत पत्र लिहिले. त्यात त्याच्या कष्टाळूपणाविषयी एक खास वाक्य घातले : ‘ही वर्क्स हार्डली.’

माझा हिशेब सरळ होता. ‘स्लो’ला शेपूट लावले की ‘स्लोली’, ‘क्विक’ला लावले की ‘क्विकली’. मग ‘हार्ड’चे ‘हार्डली’ का होऊ नये? विशेषणाला ‘ली’ जोडा की क्रियाविशेषण तयार, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. पण इंग्रजीत ‘हार्डली’ म्हणजे ‘क्वचितच’, ‘जेमतेम’. पोरगा दिवसभर राबतो असे मला सांगायचे होते. मी सांगितले, की हा फारसा काम करीतच नाही! तेथील साहेबांनी ते वाक्य चारचौघांत मोठ्याने वाचले म्हणे. पोरगा परत आला, पत्र माझ्यापुढे ठेवले आणि खाली बघत म्हणाला, “सर, मराठीत लिहिलं असतं तर चाललं नसतं का?”

मी दुसरे पत्र लिहिले. तोवर जागा भरली होती.

त्या दिवसापासून विशेषण आणि क्रियाविशेषण ही जोडी माझ्या मागे लागली. खोलात गेलो तेव्हा कळले, की माझे वाक्य काही शतके उशिरा जन्मले होते. जुन्या इंग्रजीत ‘हार्डली’चा अर्थ ‘जोराने, कसून’ असाच होता. पुढे तो ‘कष्टाने’ झाला, आणि कष्टाने होणारे काम जेमतेमच होते म्हणून शेवटी ‘क्वचितच’वर येऊन थांबला. आपण ‘मुश्किलीने’ हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच उतारावर उभे असतो. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांची गत तीच : पहिल्याचा अर्थ उशिरा, दुसऱ्याचा अलीकडे. उलट ‘फास्ट’ला शेपूट लागतच नाही, आणि ‘फ्रेंडली’, ‘लोनली’ यांना शेपूट असूनही ती विशेषणेच. शेपटावरून जनावर ओळखायला जाणारा मास्तर येथे फसतो.

दुसरी फसगत ‘फार’ या आपल्या शब्दाने होते. मराठीत ‘फार’ कोठेही चालतो. पेढा फार गोड असतो, बाळ फार रडते, आणि मला लाडू फार आवडतो. इंग्रजीत मात्र विशेषणाला ‘व्हेरी’ आणि क्रियापदाला ‘व्हेरी मच’, असा सोवळेपणा आहे. म्हणून आपली मुले बिनदिक्कत ‘आय व्हेरी लाइक’ लिहितात. त्यात मूर्खपणा नाही. मराठीचा प्रामाणिकपणा आहे. तीच मुले कौतुक करताना ‘टू गुड’ म्हणतात, पण ‘टू’मध्ये कौतुक कमी आणि अतिरेक जास्त. चहा ‘टू हॉट’ असला म्हणजे तो पिण्याजोगा राहिलेला नसतो. ‘व्हेरी’चे कुळ मात्र मला फार आवडले. तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. आपणही भर देताना ‘खरंच छान’ म्हणतो. आणि इंग्रजांचा भयाचा ‘टेरिबली’ जसा गोड गोष्टींपुढे बसू लागला, तसे आपले ‘भयंकर सुंदर’ही बसले. भीती दोन्हीकडे झिजून नुसता ठसका उरला.

जोडीच्या बाबतीत मराठीचे खरे वैभव निराळेच आहे. ते पाहायला फराळाच्या ताटाजवळच बसावे. चकली कुरकुरीत, करंजी खुसखुशीत, चिवडा खमंग. चकलीला खुसखुशीत म्हणा, करणारीच्या कपाळाला लगेच आठी पडेल! ताटावरून नजर उचला : लालभडक, हिरवागार, पांढराशुभ्र, काळाकुट्ट. येथे एकेका रंगाचा जोर ठरलेला आहे. ‘भडक’ने हिरव्याच्या घरी जायचे नाही, ‘गार’ने लालच्या. माणूस ठार बहिरा असतो, पण टक्क जागा असतो. इंग्रजीतही बहिऱ्यापुढे दगड आणि जागेपुढे ‘वाइड’ असतो. म्हणजे या जोड्या त्यांच्याकडेही आहेत. पण आपल्याकडे त्या घरोघरी आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती नुसती चाळली, तरी मराठीच्या ध्वनिशब्दांना इंग्रजी प्रतिशब्द शोधताना त्या साहेबाची किती दमछाक झाली असेल, ते जाणवते.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत विचारात पाडले, ती सांगतो. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. त्यानंतरच्या शालेय पुस्तकांतही एक पेच आहेच. ‘मुलगा चांगला खेळतो, मुलगी चांगली खेळते.’ येथे ‘चांगला’ खेळण्याविषयी बोलतो, म्हणून क्रियाविशेषण. पण तो बदलतो, मग त्याला अव्यय कसे म्हणावे? कर्म आले तर तो कर्माला चिकटतो : तिने अभंग चांगला म्हटला, ओवी चांगली म्हटली, गाणे चांगले म्हटले. इंग्रजीतला ‘वेल’ मात्र कोणाचाच होत नाही. खेळणारा कोणी असो, तो फक्त खेळाकडे बघतो.

मला यात दोन स्वभाव दिसतात. मराठीत क्रियेचा गुण माणसाला किंवा वस्तूला जाऊन लागतो; कौतुकात त्यामुळे केवढी माया येते! पण रागावताना तीच गोष्ट घातक ठरते. ‘किती घाणेरडा लिहितोस तू!’ हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी फेकले आहे. मला अक्षराविषयी बोलायचे असे. पण ‘घाणेरडा’ हा शब्द त्या मुलाच्या लिंगवचनाशी जुळवून घेऊन त्याच्याच अंगाला चिकटे. आता मी ‘अक्षर नीट काढ’ म्हणतो. ‘नीट’ कोणाला डाग लावीत नाही.

कादंबरीकार म्हणूनही या जोडीने माझा कान धरला. इंग्रजीच्या ‘ली’साठी आपण मराठीत ‘पणे’ आणि ‘रीत्या’ ही दोन शेपटे सरसकट वापरतो. ‘शांतपणे’, ‘मोकळेपणाने’ हे शब्द घरचे. त्यांना कोण हसेल? पण ‘कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडला’ म्हणजे काय? पार पडला यातच यश आले की! माझ्या पहिल्या कादंबरीत नायिका हळुवारपणे हसे, नायक गंभीरपणे बोले, आणि पाऊससुद्धा संथपणे पडे. आमच्या घरातून शेरा आला, “अहो, तिला नुसतं हसू द्या ना एकदा!” त्या शेऱ्याइतकी नेमकी टीका माझ्यावर कोणा समीक्षकाने केलेली नाही. मराठी माणूस खळखळून हसतो, मन लावून वाचतो, पाय ओढत चालतो, जीव तोडून राबतो. क्रियेचा गुण सांगायला तो दुसरी क्रियाच शेजारी बसवतो.

जीव तोडून राबतो! त्या पत्रात मला नेमके हेच लिहायचे होते. शब्द माझ्या घरात होता, आणि मी तो परक्याच्या दुकानात शोधायला गेलो. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. आता मीच ती मुलांना अधिक कसून शिकवतो. शब्दाला शेपूट लावण्याआधी शब्दकोश उघडायचा, एवढा धडा मात्र आधी देतो.

त्या मुलाने पुढे दुसरीकडे लेथचे काम शिकून घेतले. दर दिवाळीला तो सहकुटुंब फराळाला येतो. मुलांच्या अभ्यासाच्या, धंद्याच्या गोष्टी निघतात. पत्राचा विषय तो काढीत नाही, आणि मीही काढीत नाही. यंदा हा अंकच त्याच्या हाती ठेवीन म्हणतो.