रंगीत झालेले आलवण

इंदूरच्या एका जुन्या मराठी घरातील, १९२८ च्या सुमाराचे कुटुंबचित्र आम्हांस नुकतेच रंगीत स्वरूपात पाहावयास मिळाले. नातवाने ते घरीच संगणकावर रंगवून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले आहे. मागच्या रांगेत कडेला डोक्यावरून पदर घेतलेल्या आत्याबाई गडद निळ्या लुगड्यात उभ्या आहेत. लुगडे खुलून दिसते. मात्र घरातल्या वृद्ध काकूंनी चित्र पाहताच विचारले, “वन्संना निळे कोणी नेसवले?” आत्याबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले होते; तांबड्या आलवणाखेरीज त्या जन्मभर काही नेसल्या नाहीत.

चुकीचे मूळ बरेच मागे आहे. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेस तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. (लाल दिव्याखाली ती धुता येई, ते या आंधळेपणामुळेच.) तांबडे काळे उमटे, निळे फिकट पडे. आजीच्या कपाळावरचे कुंकू जुन्या चित्रांत काजळाच्या टिक्यासारखे दिसते ते म्हणून. तेव्हा आत्याबाईंचे वस्त्र काळे दिसते, ही तांबड्याचीच खूण होती; ती वाचणारे कोणी नव्हते. २०१८ मध्ये आलेल्या डीओल्डिफायसारख्या प्रणाली असंख्य रंगीत चित्रांचा रंग काढून शिकवल्या गेल्या. कोणत्या आकाराच्या करड्या छटेस बहुधा कोणता रंग असतो, एवढाच त्यांचा अदमास. आलवण त्यांनी कुठे पाहिले असणार?

पूर्वीचे स्टुडिओतले रंगारीही सत्यवादी नव्हते. कापसाच्या बोळ्याने ते गालांवर गुलाबी चढवीत, नसलेली जर काठाला लावीत. पण त्यांचा कुंचला दिसे. ते रंगकाम आहे हे पाहणाऱ्यास ठाऊक असे. शिवाय काठ कोणता, पैठणी कोणत्या रंगाची, हे गिऱ्हाइकाला विचारण्याची सोय होती. संगणकाचे काम इतके सफाईदार असते की विचारण्याचे कोणास सुचतच नाही, आणि आमचा मुख्य आक्षेप या सफाईवरच आहे. दिवाणखान्यात वाढणाऱ्या मुलांना आत्याबाई यापुढे निळ्याच आठवणार.

नातू समजूतदार निघाला. त्याने लुगडे तांबडे करून आणले, तर शेजारच्या तरुण सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, “या नव्या नवरी वाटतं?” रंग अचूक आणि अर्थ नेमका उलटा! आज तांबडे म्हणजे सौभाग्य; केशवपनानंतर अंगावर येणारे तांबडे पाहिलेले डोळे आता थोडेच उरले आहेत. काळ्या-पांढऱ्या चित्रात निदान हा घोटाळा नव्हता. तेथे आत्याबाईंचे वस्त्र काळे होते आणि पाहणारा त्याबद्दल विचारीत तरी असे.

रंगवण्यास आमचा विरोध नाही. परदेशी गेलेल्या नातवंडांना पणजोबांची पगडी रंगीत पाहून ते जवळचे वाटले तर त्यात वाईट काय? मात्र मूळ चित्र माळ्यावर जाऊ नये, आणि रंगवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर बसावे.

त्या घरी आता दोन्ही चित्रे शेजारी लावली आहेत. रंगीत चित्राच्या पाठीवर काकूंनी पेन्सिलीने कोणाचे काय नेसण होते ते लिहिले आहे. जेथे आठवत नाही तेथे जागा कोरी सोडली आहे.