पद आणि पायदान

जुन्या लोकप्रिय गीतांच्या ज्ञानाची परीक्षा घेण्याचा खेळ हल्लीं घरोघर आवडीनें खेळला जातो. अमुक वर्षीं ‘बिनाका गीतमाले’च्या वार्षिक यादींत पहिलें गाणें कोणतें, असा प्रश्न टाकावयाचा आणि अचूक उत्तर देईल त्यास रसिक म्हणावयाचें! खेळास आमचा विरोध नाहीं. पण ही रसिकतेची परीक्षा आहे, हें आम्हांस मान्य नाहीं.

गीतमाला मुळांत स्वतःच एक परीक्षा होती. 1952 च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांनीं ती सुरू केली, तेव्हां आठवड्यास सात गाणीं वाटेल त्या क्रमानें लागत, आणि त्यांचा लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनीं पत्रानें कळवावयाचा असे. बक्षीस 100 रुपयांचें. पहिल्याच खेपेस 9,000 पत्रें आलीं. वर्षभरांत तीं आठवड्यास 65,000 पर्यंत गेलीं, असें सयानी सांगत. तपासणारांनीं हात टेकले, स्पर्धा बंद झाली, आणि ‘पायदानां’ची क्रमवारी निवेदकच जाहीर करूं लागला.

ती ठरे तबकड्यांच्या विक्रीवरून आणि श्रोतृसंघांच्या पत्रांवरून. म्हणजे तिनें मोजिली ती मागणी. 1957 सालीं ‘प्यासा’ आणि ‘मदर इंडिया’ हे दोन्ही चित्रपट आले. तरी वर्षाचें पहिलें पद मिळालें तें ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक धर्तीच्या चित्रपटांतील, एस. एन्. त्रिपाठी यांनीं चाल दिलेल्या द्वंद्वगीतास. कोणत्याहि टीकाकारास हें भाकीत साधलें नसतें, आणि आमच्या मतें यादीचें खरें मोल येथेंच आहे. शिवाय आमचेच मराठी गृहस्थ डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असतां चित्रगीतें सरकारी केंद्रांवरून जवळजवळ हद्दपार झालीं होतीं. 1957 च्या ऑक्टोबरांत विविध भारती निघेपर्यंत लोक सिलोनकडे कान लावून बसत तो यामुळेंच. हें कां घडलें, असा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं पुतण्यानें असाच डाव मांडिला. ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाईंना एकहि साल सांगतां आलें नाहीं. परंतु उत्तर जाहीर होतांच त्यांनीं प्रत्येक गाण्याचा अंतरा म्हणून दाखविला, मधल्या वाद्यांचे तुकडेहि तोंडानें वाजविले, आणि तें कोणाच्या ओट्याखालीं उभें राहून ऐकलें तेंहि सांगितलें. पुतण्याच्या कागदावर त्यांच्या नांवापुढें शून्य होतें.