देवतानामांची व्युत्पत्ती आणि पुनर्रचित शब्द : एक चिकित्सा

प्रस्तावना : वैदिक 'द्यौष्पितर्', ग्रीक 'झ्यूस पातेर' आणि लॅटिन 'ज्युपिटर' या नामांचे साम्य तौलनिक भाषाशास्त्राचे सर्वपरिचित उदाहरण आहे. मॅक्स म्युलर यांनी 1856 च्या तौलनिक पुराणकथाविषयक निबंधापासून अशा साम्यांच्या आधारे दैवतांचे मूळ शोधण्याचा मार्ग रूढ केला. त्या मार्गाचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साम्य आणि नियम : वरील समीकरण टिकले ते उच्चारसाम्यामुळे नव्हे, तर ध्वनिनियमामुळे. मूळ 'द्य' चे ग्रीकमध्ये 'झ' होते. 'पायी चालणारा' या अर्थाचा ग्रीक 'पेझोस' आणि संस्कृत 'पद्य' यांतही हेच दिसते. लॅटिनमध्ये आरंभीचा 'द' गळतो. परंतु जुन्या लॅटिनमध्ये 'दिओविस' हे रूप मिळते. या साक्षींवरून अभ्यासक '*द्येउस्' हे मूळ रूप मांडतात. आउगुस्ट श्लायखर यांनी रूढ केलेले तारांकन हे रूप कोणत्याही लेखात आढळलेले नाही, याची कबुली असते.

याउलट 'वरुण' आणि ग्रीक 'ऊरानोस' हे समीकरण कानाला पटते, पण स्वरव्यंजनांच्या कसोटीवर टिकत नाही. ग्रीक बोलींतील रूपे पाहता 'ऊरानोस'चा संबंध बहुतेक अभ्यासक 'वर्ष' म्हणजे पाऊस या शब्दाच्या कुळाशी जोडतात. ग्रीक 'थेओस' आणि लॅटिन 'देउस' हे दोन्ही देववाचक. तरीही त्यांतील 'देउस' मात्र 'देव' शब्दाचा सगोत्र आहे. मराठीतही 'दिवस' हा 'दिव्' कुळातला, तर 'दिवा' हा 'दीप'पासून आलेला. म्युलर यांनी ग्रीक 'दाफ्ने' आणि ऋग्वेदातील 'अहना' यांची सांगड घातली; त्यासाठी आरंभीचा 'द' गळाल्याचे गृहीत धरावे लागले. येथे नियमाची जागा कल्पनेने घेतली, हाच त्या पद्धतीचा मुख्य दोष होय.

नाम आणि दैवत : नाम एक ठरले म्हणून दैवताचा इतिहास एक ठरत नाही. झ्यूस हा ग्रीक देवमंडळाचा अधिपती. ऋग्वेदात मात्र द्यौस्‌ला एकही स्वतंत्र सूक्त नाही, त्याची स्तुती मुख्यतः पृथिवीसह येते. 'देव' शब्दाचा सगोत्र अवेस्तामधील 'दएव' तर दुष्ट शक्तींचा वाचक झाला. शब्द टिकतो आणि श्रद्धा पालटते, हे यातून स्पष्ट होते. म्हणूनच इ.स.पू. चौदाव्या शतकातील मितन्नी करारात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांची नावे मिळणे अधिक मोलाचे ठरते. तेथे रूप, स्थळ व काळ तिन्ही प्रत्यक्ष उपलब्ध आहेत.

यास्कांनी 'देव' शब्दाच्या दान, दीपन, द्योतन अशा अनेक व्युत्पत्ती दिल्या. त्यांचा हेतू मंत्रार्थ उलगडण्याचा होता. त्यांना आधुनिक ध्वनिनियमांच्या तराजूत तोलणे किंवा त्या आधारे ते नियम नाकारणे, दोन्ही अप्रस्तुत होय.

निष्कर्ष : पुनर्रचित शब्द हा अनेक भाषांतील पुराव्याचा सारांश असतो, पुराभिलेख नव्हे. त्यावरून भाषांचे नाते सिद्ध होते. पूजाविधी, मूलस्थान वा वांशिक श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. वर्गात व्युत्पत्ती शिकवताना तारांकित रूप आणि प्रत्यक्ष रूप यांतील हा भेद पुसला गेला, तर व्युत्पत्तिशास्त्राचे रूपांतर अभिमानाच्या कथेत होण्यास वेळ लागत नाही.