'स्वयंअध्ययना'तील 'स्वयं' कोण?

आपल्या बी.एड्. महाविद्यालयांत छात्राध्यापकाची पारख दोन शब्दांवर होते : व्यक्तिमत्त्व आणि स्वयंअध्ययन. संशोधक प्रश्नावल्या भरून घेतात, गुण सरावपाठांशी ताडून पाहतात आणि निष्कर्ष काढतात की, ज्याचे व्यक्तिमत्त्व मोकळे व अभ्यासाची सवय पक्की, त्याचे अध्यापनकौशल्य चांगले. हा निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो अर्धा आहे.

समजा, वस्तीतून आलेली मुलगी पहिल्या सरावपाठाला उभी आहे. तिच्या तोंडून 'पानी' निघते, वर्ग हसतो. पुढचे प्रश्न ती दबक्या आवाजात विचारते. निरीक्षणतक्त्यावर शेरा पडतो : 'आत्मविश्वास कमी.' हसणाऱ्या वर्गासाठी तक्त्यात रकानाच नसतो. समाजाने केलेली इजा तिच्या स्वभावाच्या खाती मांडली जाते.

स्वयंअध्ययनाचेही तेच. बाबासाहेब परळच्या एका खोलीत शिकले. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः झोपत. पुस्तकांसाठी लेकीचे दागिने गहाण पडत. बाबासाहेबांची जिद्द असामान्य होतीच; परंतु त्या अभ्यासात बापाची झोप आणि बहिणींचे दागिनेही आहेत. कुठल्या प्रश्नावलीत हे विचारले जाते?

आणि कौशल्य तरी कशावरून ठरवायचे? फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तळातल्या मुलीला स्वतःचे म्हणणे मांडता येणे, हीच त्या अध्यापनाची कसोटी होय. शुद्ध उच्चार आणि सुबक फलकलेखन त्यानंतर.

२०१५ साली बी.एड्. दोन वर्षांचे झाले, तेव्हा त्यात 'स्व'ची ओळख हा विषय आला. त्या 'स्व'ला जात असते, हे तिथे बोलले गेले पाहिजे. सवर्ण छात्राध्यापकाच्या 'स्व'लाही ती असते.

मात्र परिस्थितीची ढाल पुढे करून आपण पाठाचे टाचण टाळू नये. आपल्या मुलांसमोर तयारीविना उभे राहणे हाही अन्यायच. म्हणून मागणी साधी आहे : रात्री उघडे राहणारे ग्रंथालय, वसतिगृहात दिवा आणि टेबल, आणि बोलीला न हसणारा निरीक्षक. एवढे द्या, मग सवयी मोजा.