मायदेशाची लाज आणि पश्चात्तापाची भाषा

लहान राष्ट्रातील लेखकाचे स्वदेशाच्या इतिहासाशी असलेले नाते बहुधा दोन वृत्तींमध्ये हेलकावत असते : नसलेल्या वैभवाचा शोध आणि असलेल्या सामान्यतेची लाज. एमिल सिओरान (१९११–१९९५) या रुमानियन लेखकात ही दुसरी वृत्ती इतक्या टोकाला गेली आहे की तिचे पहिलीशी असलेले सख्य आपोआप उघड होते. त्याचा देशद्वेष म्हणजे उलटे झालेले देशप्रेमच, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे.

‘रुमानियाचे रूपांतरण’ हे सिओरानचे पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातील शब्द ख्रिस्ताच्या तेजोमय रूपांतरणाचा आहे. राजकीय मागणीला मुक्तीची परिभाषा देण्याचा संकल्प तेथेच व्यक्त होतो. रुमानियन समाज शतकानुशतके इतिहासाबाहेर निपचित पडून राहिला, आता त्याने एका झेपेत इतिहासात शिरले पाहिजे, हा त्या पुस्तकाचा आग्रह. त्याच वर्षी कवी-तत्त्वज्ञ लुच्यान ब्लागा याने धनगरी पोवाड्यातील डोंगर-दऱ्यांच्या लयीत रुमानियन मनाची घडण शोधली आणि इतिहासापासून दूर राहणे हा या लोकांनी इतिहासावर घातलेला बहिष्कार मानला. एकाच वस्तुस्थितीत ब्लागाला शैली दिसली, सिओरानला कलंक. मात्र राष्ट्र म्हणजे एकच आत्मा असलेली अखंड व्यक्ती, हे गृहीतक दोघांनीही तपासले नाही. सिओरानच्या बाबतीत त्याचे परिणाम गंभीर झाले. १९३३ ते १९३५ या जर्मनीतील वास्तव्यात तो हिटलरशाहीने भारावला होता. १९४० मध्ये ‘आयर्न गार्ड’चा मृत नेता कोद्र्यानू याचा गौरव त्याने नभोवाणीवरून केला.

१९३७ मध्ये तो पॅरिसला गेला आणि १९४९ पासून त्याचे ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध होऊ लागले. मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या ‘माझा देश’ या लेखात तो आपल्या तरुणपणाकडे परक्याकडे पाहावे तसा पाहतो : तो उन्माद होता, देशाच्या क्षुद्रतेने आलेला ताप होता. येथेच समीक्षकाने थांबले पाहिजे. तापाला रोगी असतो, बळी नसतो. जानेवारी १९४१ मध्ये आयर्न गार्डच्या बंडाच्या वेळी बुखारेस्टमध्ये शंभराहून अधिक ज्यू मारले गेले. रोगाच्या रूपकात त्यांना जागा उरत नाही. राजकीय निवडीचे मानसशास्त्रीय दुखण्यात रूपांतर होते आणि दोषाचा कर्ताच नाहीसा होतो. १९९० च्या बुखारेस्ट आवृत्तीतून सिओरानने स्वतःच काही भाग गाळला. त्यात ज्यू व हंगेरियन यांच्याविषयीचा मजकूर होता. गाळणे हीही एक कबुली आहे, पण ती निःशब्द आहे.

याचा अर्थ त्याचे उत्तरकालीन लेखन म्हणजे केवळ पळवाट, असा नव्हे. कोणत्याही प्रेषिती निश्चिततेविषयी त्याला वाटू लागलेला अविश्वास स्वतःच्या भूतकाळातून कमावलेला आहे. म्हणूनच त्याला धार आहे. अडचण आहे ती सूत्रवजा वाक्याच्या आकृतिबंधाची. सूत्र ‘मी’ला ‘माणूस’ करते. १९३६ सालच्या एका रुमानियन तरुणाचा अपराध मानवजातीच्या सनातन दुर्गुणात विरघळतो.

या संदर्भात १९५७ चे ‘दूरच्या मित्रास पत्र’ वाचले पाहिजे. पुढे ‘इतिहास आणि स्वप्नराज्य’ या ग्रंथाच्या आरंभी आलेल्या या पत्रात पाश्चात्त्य व साम्यवादी, या दोन्ही समाजांविषयीचा भ्रमनिरास आहे. ज्याला ते लिहिले, तो कॉन्स्टान्टिन नॉइका रुमानियातच राहिला होता. त्याने दिलेले उत्तर त्याच्यावरील आरोपांचा भाग बनले. १९६० मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९६४ मध्ये सुटका. नॉइकाचाही भूतकाळ निष्कलंक नव्हता, तेव्हा ही संत आणि पाप्याची जोडी नव्हे. फरक एवढाच की एकासाठी मायदेशाविषयीचे द्वैध मन ही गद्यशैली झाली, तर दुसऱ्यासाठी मायदेशाबद्दल लिहिलेली पाने हा न्यायालयीन पुरावा ठरला.

सिओरानची मायदेशाविषयीची संमिश्र भावना प्रामाणिक होती, यात शंका नाही. परंतु प्रामाणिकपणा म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. त्याच्या वाक्यांचे सौंदर्य मान्य करतानाच त्या वाक्यांत कोण अनुपस्थित आहे, हे विचारणे हा त्याच्या वाचनाचा आवश्यक भाग आहे.